आवडत्याचा नावडता

गिटारवादक जेफ बेकचा भक्त म्हणवून घ्यायला तसा काही त्रास नाही. १९७५चा 'ब्लो बाय ब्लो' हा अल्बम लावायचा, निर्माता जॉर्ज मार्टिन, म्हणजे बीटल्सवाला, एवढं सांगायचं. समोरचा आपोआप मान डोलावतो. खरं संकट त्याचाच अल्बम 'फ्लॅश'. साल १९८५. घरात चार माणसं जमली की फोनमधलं ॲप नेमकं हेच उकरून काढतं.

परवा मेव्हणा आला. तबला शिकलेला, त्यामुळे तालाच्या बाबतीत सरकारी वकील. "दाजी, ऐकवा की तुमचा तो बोटांनी गिटार वाजवणारा." मी अगत्याने फोन स्पीकरला जोडला आणि पहिलंच गाणं लागलं 'ॲम्बिशस'.

"गिटार कुठाय?"

"येतेय."

"आणि हे कपाट कोण आपटतंय?"

आता आली का पंचाईत! त्याला त्या ड्रमच्या आवाजाची सगळी हकीकत सांगावी लागली. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत गायक पीटर गेब्रिएलच्या १९८०च्या अल्बमचं काम चालू होतं आणि ड्रमवर होता फिल कॉलिन्स. वादकांचं बोलणं ऐकू यावं म्हणून खोलीत टांगलेला माइक चालू असताना त्याने ठोका दिला, तो कंट्रोल रूममध्ये इतका दणदणीत ऐकू आला की ध्वनिमुद्रक ह्यू पॅजमने तेच पकडून ठेवलं. खोलीचा घुमारा फुगवायचा आणि विरायच्या आत कचकन कापायचा. झालं! पुढची कित्येक वर्षं ज्याच्या हाती ड्रम लागला त्याने हेच केलं.

"म्हणजे आस, ठोक्यामागची गुंज, राहूच द्यायची नाही?" मेव्हणा मनापासून दुखावला होता. त्याच्या गुरुजींनी बायाँच्या, म्हणजे डग्ग्याच्या, आसेसाठी त्याला किती रडवलं होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

मी बेकची बाजू लावून धरली. 'फ्लॅश'चे निर्माते नाइल रॉजर्स आणि आर्थर बेकर. रॉजर्सने नुकतंच गायक डेव्हिड बोवीचं आणि मॅडोनाचं सोनं केलेलं, मग बेकचंही होईल असं कुणाला वाटलं तर त्यात चूक काय? गिटारवर साल उमटत नाही हो, ते उमटतं ड्रमवर आणि सिंथेसायझरवर. कान देऊन ऐकलं तर त्या गदारोळाखाली गिटार अजून ताजी आहे. पण पाहुणा कान देऊन ऐकतो का? त्यात दोन गाणी चक्क बेकलाच गायला लावलेली. त्यातलं एक सुरू झालं आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, कोण गातोय? बरं नाहीये का त्याला?"

मी घाईघाईने 'पीपल गेट रेडी' लावलं. कर्टिस मेफील्डचं १९६५चं गाणं, आवाज रॉड स्टुअर्टचा, आणि त्याच्या प्रत्येक ओळीला बेकचं उत्तर. मेव्हण्याची बोटं गुडघ्यावर आपसूक ठेका धरू लागली.

"हे दुसऱ्या अल्बममधलं ना?"

"नाही, ह्यातलंच." ह्यातल्याच 'एस्केप' ह्या गाण्याला ग्रॅमी मिळालं हेही मी सांगून टाकलं. त्याने ऐकून घेतलं, एवढंच.

"दाजी, ह्यानंतर सुधारला का?"

"१९८९ला. 'गिटार शॉप'. तिघंच वादक, टेरी बोझिओ ड्रमवर, टोनी हायमस कीबोर्डवर. त्यालाही ग्रॅमी."

"त्यात गातो का स्वतः?"

"नाही."

"मग लावा."