‘आधी डोळे उघडून बघा’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

‘रंग वस्तूत नसतो, डोक्यात तयार होतो’ असं मी मागच्या लेखात लिहिलं, त्यावर एका वाचकांची (नाव दिलेलं नाहीये, असो) खरमरीत प्रतिक्रिया आलीये. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की प्रकाशाची तरंगलांबी मोजता येते म्हणजे रंग बाहेरच असतो, न्यूटनने सात रंग सिद्ध केलेत, लाल म्हणजे धोका हे निसर्गातूनच आलंय कारण रक्त लाल असतं, स्वतः रंगांधळा असलेल्या इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन डाल्टनच्या निबंधाचं साल चुकलंय, आणि शेवटी हे: ‘अर्धवट ज्ञानावर लोकांना शहाणपण शिकवू नये, आधी डोळे उघडून बघावं.’

साल चुकलं, मान्य. डाल्टनने स्वतःच्या रंगांधळेपणावरचा निबंध वाचला १७९४ साली, मी १७९८ लिहिलं. छापून आला तो १७९८ ला, त्यातून गोंधळ झाला. दाखवून दिल्याबद्दल आभार, मनापासून.

पण डोळे उघडून बघा, हे मला? लेखात मुद्दामच लिहिलं नव्हतं, कारण मग लोक ‘अरेरे’ करत बसतात, पण आता तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगतो, मला लाल-हिरवं धड कळत नाही. जन्मापासून. शाळेत एकदा झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवली होती, ती वही बाईंनी अख्ख्या वर्गात फिरवली. त्यानंतर मी प्रत्येक रंगपेन्सिलीवर ब्लेडने साल काढून रंगाचं नाव लिहून ठेवायचो, आणि पेन्सिल टोक करून करून आखूड झाली की नाव पण जायचं. पुढे तपासणीला ती इशिहाराची, रंगांधळेपणा तपासायची ठिपक्यांची पानं समोर आली, ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा असतो, शेजारचा मुलगा धडाधड आकडे वाचतोय आणि मला नुसते ठिपके! मला खरंच वाटलं हा थापा मारतोय. तेव्हा डोळे उघडेच होते साहेब, चांगले टक्क उघडे.

आता तुमची तरंगलांबी. डोळ्यात शंकुपेशी, म्हणजे रंग टिपणाऱ्या पेशी, तीन जातींच्या असतात आणि मेंदू त्यांच्या संदेशांची आपसात तुलना करून रंग ठरवतो. माझ्यातली एक जात जवळजवळ शेजारणीसारखीच वागते, त्यामुळे तुलनेला फारसं काही उरतच नाही. त्या ठिपक्यांच्या पानावरून निघालेला प्रकाश त्या मुलाला आणि मला एकच होता ना? मग रंग पानात होता तर माझा गेला कुठे? डाल्टनलाही वाटायचं की दोष डोळ्याच्या गोळ्यात आत असलेल्या पाण्याचा आहे, ते निळसर असणार. मेल्यावर डोळे कापून बघा असं त्याने सांगून ठेवलं होतं. १८४४ ला तो गेल्यावर बघितलं तर पाणी स्वच्छ. खरं कारण १९९५ मध्ये त्याच्या जपून ठेवलेल्या डोळ्याच्या डीएनएतून कळलं, एका जातीच्या शंकुपेशीचा जीनच नव्हता.

आणि न्यूटन माझ्या अंगावर फेकण्याआधी जरा वाचला असता तर बरं झालं असतं. १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये तो स्वतःच म्हणतो की काटेकोर बोलायचं तर किरणांना रंग नसतो. सात हा आकडासुद्धा त्याने संगीतातल्या सात स्वरांशी मेळ घालून बसवलाय. ‘सिद्ध’ कसलं?

एवढ्यावरही पटत नसेल तर मोबाईलवर पिवळंधमक चित्र लावा आणि स्क्रीनवर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंबात लाल आणि हिरवे ठिपके दिसतील, पिवळा एकही नाही. ५८० नॅनोमीटरच्या आसपासचा जो ‘खरा’ पिवळा प्रकाश तो तिथे जवळपास नाहीच, तरी तुम्हाला पिवळं दिसतंय. (हे ठिपके मी माझ्या मुलीला विचारून लिहितोय, मला ते सारखेच वाटतात.)

लाल म्हणजे धोका, रक्त वगैरे... हो, रक्त लाल असतं, कळलं. चीन आणि जपानमध्ये शेअर चढला की आकडा लाल दाखवतात, तिथल्या लोकांचं रक्त काय वेगळं असतं? त्यावर आत्ता वाद घालायची माझी इच्छा नाही, आणि तुमची भाषा हीच राहणार असेल तर नंतरही नसेल.

लेखातलं साल दुरुस्त केलंय. बाकी एक अक्षर बदललेलं नाही.