बंद पडलेले हृदय खोकून सुरू होत नाही

‘एकटे असताना छातीत कळ आली तर दर दोन सेकंदांनी दीर्घ श्वास घेऊन जोरात खोका, दहा सेकंदांत शुद्ध जाण्याआधी हृदय पुन्हा सुरू होईल, मग रुग्णालय गाठा’ हा संदेश नाशकात गोल्फ क्लब मैदानावर फिरायला येणाऱ्यांपासून सोसायट्यांपर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत पुन्हा पुन्हा येतो.

पहिली गफलत मुळातच आहे. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताच्या गुठळीने हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, पण हृदय बहुधा चालू असते. खोकल्याने ती गुठळी सुटत नाही. हृदय थांबले, तर मात्र माणूस काही सेकंदांत कोसळतो, आणि बेशुद्ध माणूस खोकणार कसा, याचे उत्तर संदेशात नाही.

संदेशाला थोडा आधार आहे, हे मान्य करायला हवे. कॅथ लॅबमध्ये (हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासण्याच्या रुग्णालयातील कक्षात) मॉनिटरवर ठोके बिघडताना दिसताच डॉक्टरांनी रुग्णाला खोकायला लावले आणि त्याची शुद्ध थोडा वेळ टिकली, अशी नोंद १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली; पण तिथे डॉक्टर आणि हृदयाला विजेचा शॉक देणारे यंत्र हाताशी होते. अमेरिकन हार्ट असोसिएशन घरी असा प्रयोग करण्याची शिफारस करत नाही.

‘रुग्णालय गाठा’ हा सल्ला सर्वांत घातक. द्वारका चौकाच्या कोंडीत गाडी चालवतानाच शुद्ध गेली, तर चालकासोबत इतरांचाही जीव जाईल. छातीत दुखू लागताच १०८ ला फोन करावा, दाराची कडी काढून ठेवावी, शेजाऱ्याला हाक मारावी आणि बसून राहावे.

कारण हृदय थांबल्यावर वाचवू शकतो तो दुसराच माणूस. आपल्याकडे कोणी कोसळले की गर्दीतला एक जण तोंडात पाणी घालतो, दुसरा कांदा हुंगवतो आणि मोलाची मिनिटे तशीच जातात. शॉक मिळायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मिनिटाला, छाती दाबली जात नसेल तर, जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. हाक मारून, खांदा हलवूनही प्रतिसाद नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल (अधूनमधून येणारी घरघर म्हणजे श्वास नव्हे), तर १०८ चा फोन स्पीकरवर ठेवून, छातीच्या मधल्या हाडावर तळहाताची टाच रोवून, कोपर न वाकवता, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावे आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. हे काम दमवणारे असल्याने दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. शॉकचे यंत्र मिळाले तर ते स्वतःच बोलून सूचना देते. रुग्णवाहिकेतले डॉक्टर ताबा घेईपर्यंत दाबणे थांबवू नये.