कुत्रा वॉर्डात यावा, पण कुणाचा तरी होऊन

पलंगाच्या कडेवर हनुवटी टेकवून बसलेला सोनेरी कुत्रा आणि त्याच्या कानावर हात ठेवून हसणारी म्हातारी. लंडनच्या कुठल्याशा हॉस्पिटलातला हा फोटो आमच्या अमळनेरच्या दहावीच्या ग्रुपवर फिरतोय. खाली ओळ आहे, ‘पुढारलेले देश कुत्र्यांना वॉर्डात बोलावतात, आपण त्यांना दवाखान्याच्या आवारातूनही हाकलतो.’

निमित्त सुप्रीम कोर्टाचं. 7 नोव्हेंबर 2025 ला कोर्टाने आदेश दिला की शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली मोकाट कुत्री उचला, त्यांची नसबंदी करा, लस द्या, निवाऱ्यात ठेवा आणि पुन्हा त्याच जागी सोडू नका. त्याआधी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या कुत्र्यांवरून देशभर वाद झालाच होता. आता तो जळगाव, धुळे, चोपडा, शहादा करत माझ्या फोनमध्ये आलाय. एका बाजूला मुक्या जिवाचे कैवारी, दुसऱ्या बाजूला ‘कुत्रं ते कुत्रं, दवाखान्यात त्याचं काय काम?’ म्हणणारे. मी इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे, म्हणून दोन्हीकडचे मलाच साक्षीला बोलावतात. ‘तू सांग ना, तिकडे चालतं की नाही?’

चालतं. आमच्या वॉर्डात कुत्रा येतो, मी स्वतः त्याला बाजूने वाट देऊन माझी ट्रॉली पुढे नेते. पण त्या फोटोच्या आधाराने सिव्हिलच्या जिन्याखाली झोपलेल्या कुत्र्याची बाजू मांडलेली पाहिली की माझा संताप होतो. तो फोटो नेमकं उलटं सांगतोय, आणि ते पाहायची कुणाची तयारी नाही.

तो कुत्रा तिथवर कसा पोचतो ते ऐका. पेट्स अॅज थेरपी ही इथली संस्था 1983 पासून पेशंटना भेटायला कुत्रे नेण्याचं काम करते. कुत्रा किमान नऊ महिन्यांचा हवा आणि त्याच मालकाकडे निदान सहा महिने राहिलेला हवा. मग परीक्षक येऊन बघतो: ताट पडल्याचा आवाज झाला तर दचकून भुंकतो का, अनोळखी माणसाने कान ओढला तर गुरगुरतो का, हातातलं बिस्किट हिसकावतो का, अंगावर उडी मारतो का. लसी वेळेवर लागतात. कच्चं मांस खाणारा कुत्रा घेतच नाहीत, कारण त्याच्या तोंडातून आणि विष्ठेतून साल्मोनेला हा जुलाब घडवणारा जंतू पसरू शकतो. नर्सेसच्या रॉयल कॉलेजने 2018 मध्ये यासाठी नियमावलीही काढली. कुत्रा कायम पट्ट्यात, पट्टा मालकाच्या हातात. पेशंटने आधी हात धुवायचे आणि नंतरही. ज्याची प्रतिकारशक्ती खालावलीय, ज्याच्या जखमा उघड्या आहेत, ज्याला भीती वाटते किंवा अॅलर्जी आहे त्याच्याकडे जायचं नाही. वॉर्डच्या सिस्टरने नको म्हटलं की विषय संपला. हे सगळं असूनही इन्फेक्शन कंट्रोलवाले त्याच्यावर डोळा ठेवून असतात, आणि ते बरोबर आहे. आतड्याचा आणि कातडीचा संसर्ग कुत्रा एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर नेऊ शकतो, त्याची इच्छा कितीही चांगली असली तरी.

आणि वॉर्डाबाहेरचा कुत्रा? इंग्लंडमध्ये 2016 पासून प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप लावणं सक्तीचं आहे. रस्त्यावर आणला तर पट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता हवा. एकटा फिरताना सापडला तर कौन्सिलवाले, म्हणजे इथली नगरपालिका, उचलून नेतात, सात दिवस मालकाची वाट पाहतात, त्यानंतर तो दुसऱ्याला देता येतो आणि कायद्याने त्याला कायमच्या झोपेचं इंजेक्शनही देता येतं. एक्सएल बुली जातीच्या कुत्र्यांनी माणसं मारली तेव्हा सरकारने 1 फेब्रुवारी 2024 पासून ती जात विनापरवाना पाळणं हा गुन्हा ठरवला. ज्या देशाच्या कुत्र्यावरच्या प्रेमाचे दाखले माझे वर्गमित्र देतात, तो देश या बाबतीत इतका कडक आहे.

रेबीजचं तर विचारूच नका. वटवाघळाचा अपवाद सोडला तर या बेटावरच्या जनावराने चावून रेबीज झालेला माणूस 1902 नंतर नाही. इथे आई मुलाला म्हणते, ‘हात लाव, काही करत नाही.’ मी पारोळ्याजवळच्या गावात वाढले, आम्हाला शिकवलं होतं की कुत्रं अंगावर आलं तर पळू नको, वाकून दगड उचलल्यासारखं कर. माझ्या काकांना लहानपणी पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, तेव्हा पोटातली चौदा इंजेक्शनं घ्यायला त्यांना रोज बसने तालुक्याला नेत. ती जुनी लस भारतात 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात चार-पाच डोस पुरतात, जखम खोल असेल तर जखमेतच सिरम भरावं लागतं. पण लक्षणं दिसू लागल्यावर आजही कुणाच्या हातात काही राहत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासाचा अलीकडचा अंदाज वर्षाला सुमारे 5,700 मृत्यूंचा आहे, आणि जुन्या अंदाजांपेक्षा तो कमी आहे म्हणून आपण समाधान मानायचं! यातला बहुतेक प्रत्येक मृत्यू टाळता येण्यासारखा असतो. मी औषधांच्या धंद्यातली आहे, मला हा आकडा वाचवत नाही.

आमच्या शेजारच्या गावातली एक बाई नातवाच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात राहिली होती. रात्री नळावर पाणी आणायला गेली आणि आवारातल्या कुत्रीने तिची पोटरी फोडली, कारण कुत्रीची पिल्लं तिथेच जिन्याखाली होती. ज्या दवाखान्यात ही घटना घडली, तिथेच दुसऱ्या दिवशी तिने लसीचा केसपेपर काढला. यात मला कुत्रीचा राग येत नाही. ती आई होती आणि ती तिथे राहत होती, कारण तिला तिथे खायला मिळत होतं.

ते खाणं कुठून येतं, हे ग्रुपवर कुणी बोलत नाही. पेशंट एक आणि त्याच्यासोबत सात माणसं. दुपारी व्हरांड्यात डबे उघडतात, भाकरी, पिठलं, ठेचा, शेवभाजी. हात धुवायचे ते भिंतीच्या कडेला, आणि उरलेली भाकरी मोडून खाली बसलेल्या कुत्र्याला. टाकवत नाही म्हणून देतात, पुण्य लागतं म्हणून देतात. मागच्या बाजूला कंपाउंडची भिंत पडलेली, कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या गाडी येईपर्यंत उघड्यावर. 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम त्या पिशव्या सुरक्षित, बंदोबस्ताच्या जागी ठेवायला सांगतात. कुत्री उचलून नेली आणि भाकरी व पिशव्या तिथेच राहिल्या तर पंधरा दिवसांत दुसरी कुत्री येतील, हे कळायला इंग्लंडला यावं लागत नाही.

कैवाऱ्यांचा दुसरा दाखला असतो देवाचा. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. सारंगखेड्याच्या यात्रेला आम्ही लहानपणी जायचो, तापीच्या काठी एकमुखी दत्ताचं दर्शन, मग घोड्यांचा बाजार. नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, हीसुद्धा गोष्ट आजीनेच सांगितलेली, आणि ती मला आजही भिडते. पण दत्ताची कुत्री दत्ताची आहेत. नामदेव धावले ते त्या एका कुत्र्याच्या पोटाची जबाबदारी अंगावर घेऊन. भाकरीचा तुकडा फेकून घरी जाणारा माणूस कुत्र्याची जबाबदारी घेत नाही, तो ती आवारातल्या बाळंतिणीवर टाकून जातो. प्रेम असेल तर घरी न्या. लस द्या, नसबंदी करा, गळ्यात नाव अडकवा. एखाद्या भागातल्या दहापैकी सात कुत्र्यांना लस दिली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते काम अमळनेरसारख्या गावात होऊ शकतं, त्यासाठी लंडनचा फोटो लागत नाही.

पण ‘कुत्र्याचं दवाखान्यात कामच काय’ म्हणणाऱ्यांवरही मी तेवढीच चिडलेली आहे. उद्या जळगावात एखादा अंध तरुण वाटाड्या कुत्रा घेऊन ओपीडीच्या रांगेत उभा राहिला तर हीच मंडळी त्याला फाटकाशी अडवतील. ब्रिटनमध्ये असे पहिले कुत्रे 1931 मध्ये शिकवून तयार झाले. आज 2010 च्या समानतेच्या कायद्याप्रमाणे वाटाड्या कुत्र्याला सहसा अडवता येत नाही, दुकानात नाही, टॅक्सीत नाही, जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, वेटिंग रूममध्येही नाही. खुद्द फ्लोरेन्स नाइटिंगेलने लिहून ठेवलंय की दीर्घ आजारी माणसाला छोटा पाळीव प्राणी उत्तम सोबती ठरतो. तिने सैनिकांचे वॉर्ड घासूनपुसून साफ करवले होते, स्वच्छतेचं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तेव्हा सरसकट ‘नको’ हे उत्तर सोपं आहे, पण ते मला मान्य नाही.

इथवर मी ग्रुपवर लिहिलं होतं. पुढचं लिहिलं नाही, कारण ते लिहायला मला जड गेलं.

त्या फोटोतली म्हातारी कुत्र्याकडे बघून का हसते, हे मला ठाऊक आहे. आमच्या वॉर्डात मांडीचं हाड मोडलेले एक आजोबा बरेच दिवस होते. माझं काम खाटेशी जाऊन घरी कोणती औषधं चालू होती ते विचारायचं. ‘घरी औषधं कोण देतं?’ म्हटलं, तर म्हणाले, कुणी नाही, फार्मसीवाला डोसेट बॉक्स, म्हणजे वारा-वेळेप्रमाणे गोळ्या भरलेला डबा, दारात ठेवून जातो. मुलगा ऑस्ट्रेलियात. भेटायच्या वेळेत सगळ्या खुर्च्या रिकाम्या, आणि ते दाराकडे पाहत बसलेले असायचे, कारण त्या दिवशी कुत्रा येणार असायचा. त्यांना आमची कुणाची नावं आठवत नव्हती. कुत्र्याचं नाव पाठ होतं.

त्याच वर्षी जळगावला माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला. त्यांच्या खाटेशी काका होते, दोन चुलतभाऊ होते, शेजारचे आप्पा होते, आमच्या शेतावरचा सालदार होता. पाळ्या लावल्या होत्या. खाली डब्यांची रांग, वर सिस्टर ओरडते की एवढी माणसं नकोत, आणि कुणी हलत नाही. मी फोनच्या पडद्यावर होते. कुणीतरी फोन अण्णांच्या तोंडाशी धरायचं. वाचा थोडी परत आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य अहिराणीत विचारलं, ‘तू कवय येशी माय?’ म्हणजे तू कधी येशील. मी म्हटलं, रजा टाकलीये. पोचले तेव्हा ते घरी आले होते, उजवा हात वाकडा राहिला होता, आणि त्यांचं सगळं करून झालं होतं. मला करायला काही ठेवलं नव्हतं. कुणी टोमणाही मारला नाही, आणि तेच मला सर्वांत जास्त लागलं.

मग मी दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या त्या सात माणसांना नावं कशी ठेवू? त्यांच्याच उरलेल्या भाकरीवर कुत्री जगतात, हे खरं. पण ती माणसं आहेत म्हणून अण्णांना थेरपीच्या कुत्र्याची गरज पडली नाही, हेही खरं. इथला तो शहाणा, तपासलेला, पट्ट्यातला कुत्रा मुलं ऑस्ट्रेलियात असलेल्या माणसाकडे पाठवला जातो. माझा मुलगा आत्ताच टोरँटोच्या युनिव्हर्सिटीची चौकशी करतोय. म्हातारपणी मी कुठल्या वॉर्डात असेन याचा मला अंदाज आहे, आणि त्या वॉर्डात तो कुत्रा यावा, त्याला कुणी अडवू नये, असं मला मनापासून वाटतं. पारोळ्याला गेले की आजही पहिला प्रश्न येतो, ‘कोणाची तू?’ आणि अण्णांचं नाव सांगितलं की चहा टाकला जातो. लेस्टरमध्ये हा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. इथे माझं घर आहे, कर भरते, शेजारीण ख्रिसमसला केक देते, मी तिला बिबड्या तळून देते. तरी हा प्रश्न विचारणारं कुणी नाही.

म्हणून ग्रुपवरच्या दोन्ही तटांना माझं सांगणं आहे की फोटो पाठवणं थांबवा आणि नगरपालिकेला व दवाखान्याला पत्र लिहा. कंपाउंडची भिंत पुरी करा. पिवळ्या पिशव्या कुलपात ठेवा. नातेवाइकांना हाकलू नका, त्यांना बसून जेवायला शेड बांधून द्या, तिथे नळ आणि झाकणाचे डबे ठेवा. उचललेल्या कुत्र्यांचा निवारा कुठे आहे आणि तिथे त्यांना रोज कोण खाऊ घालतंय, हेही लेखी विचारा, नाहीतर कोर्टाच्या नावाखाली ती गिरणा नदीपलीकडे नेऊन सोडतील. आणि वाटाड्या कुत्र्याला आत सोडण्याचा नियम आत्ताच करून ठेवा, पहिला अंध पेशंट फाटकाशी उभा राहायची वाट पाहू नका. मसुदा मी लिहून देते. माझ्याकडे आता ओसीआय कार्ड आहे, म्हणजे मी भारतीय वंशाची पण परदेशी नागरिक, तिथल्या मतदारयादीतलं नाव गेलं, त्यामुळे माझी सही धरतील की नाही ते कचेरीत विचारून घ्या. धरत असतील तर आजच पाठवते.