वाईटपणा घ्यायला पगारी माणूस

मार्चमध्ये बागेत कपडे वाळत घालत होते तेव्हा खालच्या फ्लॅटवाल्याने सहज सांगितलं, आम्ही किचन आणि हॉल एक करतोय, आणि ती जुनी चिमणीची (शेकोटीच्या धुराड्याची) भिंत पण काढतोय, उगाच जागा खाते. मी हसून "ओह नाइस" म्हणाले आणि वर येऊन चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत डोक्यात उजेड पडला की त्याची चिमणी आणि माझी चिमणी एकच आहे. आम्ही लंडनच्या हॅरो भागात राहतो, 1930च्या दशकातलं मेझोनेट, म्हणजे खाली एक फ्लॅट, वर एक फ्लॅट, दोघांचे दरवाजे वेगवेगळे. खालच्याने आपल्या मजल्यावरचा चिमणीचा विटांचा फुगवटा तोडला तर वर माझ्या बेडरूममधला, त्यावर माळ्यावरचा आणि छपराबाहेर डोकं काढून उभा असलेला सगळा विटांचा खांब कशावर उभा राहणार? खाली नीट स्टीलचा बीम बसवला तर त्यावर, नाहीतर देवाच्या भरवशावर.

फॅमिली ग्रुपवर टाकलं. डोंबिवलीहून बाबांचं लगेच आलं, "कशावरही सही करू नकोस." दादाचं आलं, "अगं तिकडे काय टेन्शन, सगळं नियमाने होतं, इकडे बघ आमची हालत."

दादाचं हे वाक्य मला गेली अकरा वर्षं ऐकू येतंय आणि प्रत्येक वेळी मी नुसती हसते, पण या वेळी म्हटलं लिहूनच टाकूया. कारण नियमाने होतं हे अर्धंच खरं आहे. मी कौन्सिलला फोन केला तर त्यांनी छान आवाजात सांगितलं की बिल्डिंग कंट्रोलवाला स्टील बरोबर बसलंय का ते बघेल, बाकी तुमचं आणि शेजाऱ्याचं काय ते तुम्ही बघा. फ्रीहोल्डर, म्हणजे जमिनीचा आणि इमारतीचा खरा मालक, ही एक कंपनी, तिचा चेहरा मी आजवर पाहिलेला नाही, तिच्या मॅनेजिंग एजंटने माझ्या ईमेलला पाच आठवड्यांनी उत्तर दिलं. त्यात एवढंच, की भिंत तोडायची परवानगी मागायला खालच्याने अर्ज केलाय आणि फी भरलीय. फी मात्र पटकन घेतली हो! मी पैसे मोजून घेतलेलं घर, पण कागदोपत्री 125 वर्षांची भाडेकरूच. नवी मुंबईत सिडकोच्या लीजच्या जमिनीवर ज्यांची घरं आहेत त्यांना हा ठसका वेगळा सांगायला नको.

मग कामाला काय आलं? एक कायदा, 1996चा पार्टी वॉल अ‍ॅक्ट. इंग्लंड आणि वेल्सपुरता आहे, स्कॉटलंडला नाही. सामाईक भिंतीला हात लावायचा असेल तर शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यायची. आणि शेजारी म्हणजे फक्त फ्रीहोल्डर नाही, लांब मुदतीचं लीज असलेली मी सुद्धा! वेगवेगळ्या दरवाजांच्या दोन फ्लॅटमधली जमीन, म्हणजे त्याचं छत आणि माझी फरशी, ती पण यात येते. नोटिशीला 14 दिवसांत हो म्हणा, नाही म्हणा, किंवा गप्प बसा. गप्प बसलात तर वाद आहे असं धरलं जातं. हे मला फार आवडलं, आपल्याकडे गप्प बसलं की संमती धरतात. वाद आहे म्हटल्यावर दोघांनी मिळून एक सर्व्हेअर, म्हणजे बांधकाम तपासणारा तज्ज्ञ, नेमायचा किंवा आपापला एकेक. मी माझा वेगळा नेमला, आणि साधारणपणे त्याची फी सुद्धा काम काढणाराच भरतो.

सर्व्हेअर आला, शांत म्हातारा माणूस, बूट काढून. दीड तास माझ्या घरातल्या भेगांचे फोटो काढत बसला, बेडरूम, जिना, खिडकीची कड, टेप लावून लांबी लिहिली. मला वाटलं काय वेळ घालवतोय. नंतर खाली हातोडे सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी मी बेडरूमच्या कोपऱ्यातली भेग बघून थरथरत त्याला फोन केला, तर त्याने आधीचा फोटो काढून दाखवला, ही आधीपासूनचीच आहे, मॅडम. चिमणीच्या वरची दुसरी बारीक भेग मात्र फोटोत नव्हती. तिचं प्लास्टर आणि रंग खालच्याच्या खर्चाने झालं. मी त्याच्याशी एक शब्दही भांडले नाही!

आणि हा खरा मुद्दा आहे. इथले लोक सज्जन आहेत म्हणून हे होत नाही. माझ्या ओळखीत एकीच्या शेजाऱ्याने नोटीस न देताच तोडफोड केली, नोटीस दिली नाही म्हणून दंड वगैरे काही नाही, कोर्टातून मनाई आणायची तर वकिलाचा खर्च तिचा, शेवटी ती रडून गप्प बसली. फरक इतकाच की जिथे नोटीस निघते तिथे वाईटपणा घ्यायला एक पगारी माणूस असतो. खालचा माझ्यावर रागावला नाही असं नाही, सर्व्हेअरचं बिल आलं तेव्हा तीन आठवडे गुड मॉर्निंग बंद होतं. पण रागवायला त्याच्याकडे बिल होतं, मी नव्हते.

आता डोंबिवली. बाबांची बिल्डिंग 38 वर्षांची. खाली दोन दुकानं होती, एकाने दोन्ही घेतली आणि मधली भिंत उडवून क्लिनिक केलं. भिंतीबरोबर कॉलमला काय झालं कोणाला माहीत नाही, कारण आता त्यावर फॉल्स सीलिंग आणि प्लाय आहे. आपल्याकडे नियम नाहीत असं कोण म्हणतं? सोसायटीच्या उपविधीत कमिटीची परवानगी लागते, 30 वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. ऑडिट झालंय सुद्धा, रिपोर्ट सेक्रेटरींच्या कपाटात आहे. बाबा त्यांच्याकडे गेले तर म्हणाले, काका तुम्ही लेखी द्या मग बघतो. बाबांनी दिलं नाही. का? डॉक्टर आईचं बीपी बघतो, फी घेत नाही, गणपतीला वर्गणी पण सगळ्यात मोठी त्याचीच. कशाला वाईटपणा घ्यायचा.

घाटकोपरची सिद्धीसाई इमारत 2017 च्या जुलैमध्ये कोसळली, 17 माणसं गेली, तळमजल्यावरच्या कामात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तेव्हा आमच्या ग्रुपवर आठवडाभर महापालिकेला शिव्या चालू होत्या, मीही घातल्या. पण बिनपगारी सेक्रेटरी, जो स्वतः दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि रोज त्याच जिन्यात भेटतो, तो कोणाला नाही कसं म्हणणार, हा प्रश्न तेव्हा कोणीच विचारला नाही.

यावर उपाय करायला नवा कायदा यायची वाट बघावी लागेल असं मला वाटत नाही. सोसायट्या आत्ताही रिनोव्हेशनचं डिपॉझिट घेतात, राबिट उचललं नाही, लिफ्ट खराब केली म्हणून कापायला. त्याच डिपॉझिटमधून वरच्या-खालच्या फ्लॅटवाल्यांनी निवडलेल्या इंजिनिअरची फी द्या, काम सुरू व्हायच्या आधी त्यांच्या घराचे तारीख घातलेले फोटो काढा, एजीएममध्ये ठराव करा. दादा म्हणतो, कोण ठराव मांडणार? म्हणजे परत तेच. मी म्हटलं तू मांड, तर म्हणाला बघू.

काल सकाळी उठून फोन बघितला तर ग्रुपवर बाबांचे 43 फोटो. भिंती, छत, बाथरूमचा कोपरा, देवघरामागची ओल, दोन फोटोंत नुसता अंगठा. खाली डॉक्टर आता एक्स-रे मशीनसाठी अजून एक भिंत काढतोय म्हणे. बाबांनी एवढंच लिहिलं होतं, "यावर तारीख कशी टाकायची?"