आत्याला द्यायचा लॅपटॉप

जुना लॅपटॉप कुणाला द्यायचा म्हणजे काय मोठंसं, फॉरमॅट मारायचा, फडकं मारायचं आणि चार्जरसकट पिशवीत घालायचा, असं ज्याला वाटतं तो बहुतेक एकटा राहत असावा.

आमचा 2015 चा आहे. इंटेलचा आय थ्री प्रोसेसर, तोही पाचव्या जनरेशनचा, चार जीबी रॅम, 500 जीबीची जुनी फिरणारी हार्डडिस्क. बटण दाबून चहा टाकायचा, गाळायचा, पिऊन कप विसळायचा, मग कुठे माऊसचा बाण हलायला लागतो. त्यात विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप आणि इंटेलची निदान आठवी जनरेशन पाहिजे, म्हणजे आमचं कार्टं पाचवीतच नापास. कपाटावर पडून होता. तेवढ्यात साताऱ्याहून आत्याचा फोन. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालीये, भजनी मंडळाचा कारभार तिच्याकडे, आणि मंडळात सगळ्यांनाच चष्मे असल्यामुळे वहीतले अभंग टाईप करून मोठ्ठ्या अक्षरात प्रिंट काढायचेत. "तुमचा तो जुना नुसता पडलाय ना रे? मला दे. आणि शिकवत बसू नको, नोकरीत असताना एमएस-सीआयटी केलंय मी."

मी हो म्हणलं, आणि रात्री जेवताना सहज बोलून गेलो की उद्या त्यातलं सगळं उडवतो.

झालं! ज्या डबड्याकडे कित्येक महिने कुणी ढुंकून बघितलं नव्हतं त्यावर एकदम चार वारसदार उभे राहिले. पहिले बाबा, त्यांची सोसायटीची इतिवृत्तं त्यात आहेत. मी उघडून दाखवली. ती जुन्या कुठल्यातरी मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली, युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या लिपीच्या आधीची, तो फॉन्ट आता कुणाकडे नाही, त्यामुळे पानभर नुसते चौकोन, टोप्या आणि डॉलरची चिन्हं. म्हणलं बाबा, हे तुम्हाला तरी वाचता येतंय का? "वाचायचं कशाला? रेकॉर्ड आहे ते!" मग बायकोचे महाबळेश्वरचे फोटो, जे तिच्या फोनमध्ये आहेत, गुगलवर आहेत, आणि लॅपटॉपवर "न्यू फोल्डर" मध्ये आणि "न्यू फोल्डर 2" मध्येही तेच आहेत, पण "असू दे ना, तुझं काय खातायत?" मुलाचं माइनक्राफ्ट गेममधलं वर्ल्ड. आणि सगळ्यात भारी म्हणजे ताई, तिला ही बातमी कुणी दिली देव जाणे, तिचा फोन, "माझा लग्नाचा बायोडाटा असेल बघ त्यात, उडवू नको हं."

तो होता. म्हणजे ते होते. "बायोडाटा फायनल" मध्ये उंची पाच फूट दोन इंच, "बायोडाटा फायनल नवीन" मध्ये तीन, आणि "बायोडाटा फायनल हाच पाठवा" मध्ये साडेतीन. स्थळं येत गेली तशी ताई वाढत गेली. रंगाच्या रकान्यातला सावळा पुढच्या फाईलमध्ये निमगोरा झालाय, आणि शेवटच्या फाईलमध्ये तो रकानाच नाही.

मी समजवायला गेलो आणि तिथे सगळं अजून बिघडलं. म्हणलं, नुसतं डिलीट करून भागत नाही, हार्डडिस्कवर डिलीट म्हणजे फक्त अनुक्रमणिकेतलं नाव खोडतात, मजकूर आत तसाच असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, आणि रिकव्हरीचं साधं सॉफ्टवेअर टाकलं तरी वर येऊ शकतो, म्हणून रीसेट करताना डेटा क्लीन करायचा पर्याय घ्यावा लागतो आणि त्याला तासन्‌तास लागतात. बायकोने जेवण थांबवलं. "म्हणजे आत्यांना आपल्या होमलोनचे कागद दिसतील? तुझ्या पगाराच्या स्लिपा?" आता मागणी अशी झाली की इथलं काहीही जाता कामा नये आणि तिथे काहीही दिसता कामा नये.

शेवटी मी हार्डडिस्कच काढून घेतली. खालचे स्क्रू सोडवले, तिच्याच मापाची एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, बसवली, भांडण संपलं. जुनी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून एफडीच्या पावत्यांशेजारी ठेवलीये. तेव्हापासून एकाही वारसाने तिची चौकशी केलेली नाही. (गुगल अकाउंटमधून आणि व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाइसमधून हा लॅपटॉप काढायला मात्र विसरू नका, ते कुणी सांगत नाही.)

मग साफसफाई. दर दसऱ्याला आम्ही त्याची पूजा करतो, म्हणजे हळदकुंकू, अक्षता, झेंडू सगळं साग्रसंगीत, आणि ते सगळं कुठे जातं हे मला आत्ता कळलं. एंटरच्या खालून तांदूळ निघाले. स्पेसबारच्या फटीत कुंकू इतकं मुरलंय की ब्रश लाल झाला. वरचं पोकेमॉनचं स्टिकर खोबरेल तेल लावून सोडवलं, त्या पायी लॅपटॉपला दोन दिवस चंपी केल्याचा वास येत होता.

त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं, हलकं आहे, जुन्या मशीनवर पळतं. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला, अक्षरं मोठी केली आणि एका शनिवारी जाऊन देऊन आलो. आत्याने चष्मा चढवला, वही उघडली आणि पहिल्याच ओळीला अडली. "अरे, ज्ञ कुठंय? माऊलींच्या नावातलं पहिलं अक्षर नाही तुझ्या मशीनमध्ये?" म्हणलं शिफ्ट दाबून पाच. तिने लगेच ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं, शेजारी शिफ्ट सहाला त्र, सातला क्ष, आठला श्र, आणि मग एकेक बोटाने अख्खी ओवी, एकही ऱ्हस्वदीर्घ न चुकता. मास्तरीण ती मास्तरीण!

परवा तिचा फोन आला. "सगळं छान आहे रे, पण पत्ते कुठे गेले?" एमएस-सीआयटीला माऊसची सवय व्हावी म्हणून सरांनी तिला सॉलिटेअर खेळायला लावलं होतं, आणि तिच्या मते कॉम्प्युटर म्हणजे आधी ते. आता मायक्रोसॉफ्टनेच 2012 मध्ये विंडोज 8 मधून तो जुना गेम काढला आणि हे तर विंडोजही नाही, हे तिला कुठे समजावत बसता. फोनवरूनच इथे दाब, तिथे दाब करत मिंटमधला पत्त्यांचा गेम टाकून दिला.

काल विचारलं, आत्या, किती अभंग झाले?

"थांब रे जरा, हा डाव सुटू दे."