लायटनिंगवाले आयफोन बंद पडणार नाहीत

‘युरोपने लायटनिंगवाले आयफोन बेकायदा ठरवले, आता अपडेटही बंद, फोन लगेच विकून टाका’ असा मेसेज बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय. लायटनिंग म्हणजे जुन्या आयफोनचा चार्जिंगचा पोर्ट. यातला युरोपचा कायदा तेवढा खरा आहे, बाकीचं नाही.

युरोपियन युनियनचा २०२२चा निर्देश २८ डिसेंबर २०२४ पासून फोनना लागू झाला. त्या तारखेनंतर तिथल्या बाजारात नव्याने येणाऱ्या फोनला यूएसबी-सी हा सगळ्यांसाठी एकसारखा चार्जिंग पोर्ट हवा, इतकंच. आधीच विकलेल्या फोनला तो लागू नाही. अ‍ॅपलने २०२३ मध्येच आयफोन १५ ला यूएसबी-सी दिलं होतं. पुढे आयफोन १४ आणि एसई युरोपातल्या आपल्या दुकानांतून काढले. गोंधळ बहुधा इथूनच सुरू झाला असावा.

अपडेटचा पोर्टशी संबंधच नाही. २०२५ मध्ये आलेलं आयओएस २६ (आयफोनची सिस्टीम) आयफोन ११ वरही चालतं, आणि ११ लायटनिंगवालाच आहे. त्याआधीच्या काही फोनना ते मिळालं नाही, ते फोन जुने झाले म्हणून. शिवाय हा नियम भारताचा नाहीच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. कुणी घाईने फोन विकायला काढला असेल, तर त्याला आधी हे कळवा. असल्या अफवेत जुन्या फोनला भाव पडूनच मिळतो.