‘कमी करणे’ एवढ्यावर भागतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तीव्रता कमी करणाऱ्या इंग्रजी क्रियापदांवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. मिटिगेट, अलिव्हिएट, असवेज, अले, मॉलिफाय या सगळ्यांचा अर्थ शेवटी ‘कमी करणे’ एवढाच, मराठी माणूस त्या एका क्रियापदावर भागवतो, मग शब्दांचा कीस काढण्यापेक्षा मुलांना ‘रीड्यूस’ शिकवा, असं तुमचं म्हणणं. माझ्या तक्त्यात सहा शब्दांपुढे ‘सौम्य करणे’ हा एकच अर्थ आहे, म्हणजे फरक मलाही दाखवता आलेला नाही, हेही तुम्ही लिहिलंत.

तक्त्याबद्दल तुमचं बरोबर आहे. तो घाईत केला होता, आज काढून टाकला. पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

मराठी माणूस खरंच एका क्रियापदावर भागवतो? आपला ताप उतरतो, पाऊस ओसरतो, वारा पडतो, राग निवळतो, वेदना शमते, मनावरचं ओझं हलकं होतं. ‘वारा निवळला’ आणि ‘राग पडला’ असं कुणी म्हटलं, तर तो मराठी नव्यानं शिकतोय हे आपल्याला लगेच कळतं. ‘कमी झाला’ सगळीकडे चालतं, पण काय झालं ते त्यातून दिसत नाही. इंग्रजीचंही हेच आहे. प्रत्येक क्रियापदाची ठरलेली सोबत असते.

‘अले’ होते ती भीती, शंका, संशय. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ खाली ठेवणं, म्हणजे मनात उठलेलं काहीतरी खाली बसवणं. ‘मॉलिफाय’ करायचं ते चिडलेल्या माणसाला. एका विद्यार्थ्यानं ‘डॉक्टरांनी दुखणं मॉलिफाय केलं’ असं इंग्रजीत लिहिलं होतं. व्याकरण निर्दोष, तरी इंग्रजी वाचणारा तिथे अडखळणारच.

या शब्दांची मुळं आपल्याला परकी नाहीत, आणि लेखात हे सांगायचं राहिलं याची मला खरी चुटपुट आहे. अलिव्हिएटच्या पोटात लॅटिन ‘लेव्हिस’ आहे, हलका. त्याचा संस्कृत भाऊ ‘लघु’. मॉलिफायमधला ‘मॉलिस’ म्हणजे आपला ‘मृदु’. असवेजमधला ‘सुआविस’ म्हणजे गोड, आपला ‘स्वादु’. एक्स्टेन्युएट, म्हणजे अपराधाचं गांभीर्य कमी करणं, यातला ‘टेन्युइस’ म्हणजे बारीक, आपला ‘तनु’. कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही, सगळे एकाच इंडो-युरोपीय घराण्यातले. वजन उचललं, कठीण होतं ते मऊ केलं, कडू होतं ते गोड केलं, जाड होतं ते बारीक केलं: या चार वेगळ्या क्रिया आहेत. ‘रीड्यूस पेन’ हे चुकीचं इंग्रजी नाही. पण रीड्यूस फक्त माप खाली आल्याचं सांगतं.

हा फरक मला पुस्तकातून कळला नाही. काही वर्षांपूर्वी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या उपचारांच्या, एका माहितीपत्रकाचं मराठी भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं. मूळ इंग्रजीत औषध लक्षणं ‘अलिव्हिएट’ करतं असं होतं. मराठीत झालं होतं, ‘हे औषध लक्षणे दूर करते’. लगेच खालच्या ओळीत ‘त्रासाचे निवारण होते’. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाची मुलगी हे हातात घेऊन बसणार, आणि ‘दूर’ या दोन अक्षरांवर ती काय काय आशा बांधेल, या विचारानं मी बराच वेळ पुढे सरकू शकलो नाही. शेवटी खोडून लिहिलं, ‘त्रास हलका होतो, आजार मात्र राहतो’. पॅलिएट हा शब्दही तेच सांगतो. त्याच्या मुळाशी ‘पॅलियम’ आहे, अंगावर घ्यायचं वस्त्र. आजार तिथेच, वरून पांघरूण घातलेलं.

मिटिगेटच्या बाबतीत ‘निवारण’ हीच चूक सर्रास होते. हवामानबदलावर 1988 साली स्थापन झालेल्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीचा तिसरा कार्यगट मिटिगेशनवर काम करतो. तिथे त्याचा अर्थ हरितगृह वायूंचं उत्सर्जन घटवणं आणि ते वायू शोषून घेणाऱ्या गोष्टी वाढवणं. त्यानं संकटाची धार कमी होते, संकट नाहीसं होत नाही. बदललेल्या हवामानाशी जुळवून घेणं हा वेगळा विषय, त्याला अ‍ॅडॅप्टेशन हा वेगळा शब्द आहे. ‘मिटिगेट अगेन्स्ट’ छापून येतं हे तुमचं निरीक्षण खरं, पण तिथे हवा असतो ‘मिलिटेट’, विरोधात जाणं. मी ते चूकच मानतो.

‘सूद’ (soothe, शांतवणं) हा शब्द लॅटिनमधून आला असं मी लेखात लिहिलं होतं. ती चूक तुम्ही पकडलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तो अस्सल जुना इंग्रजी शब्द, ‘सूथ’ म्हणजे सत्य यापासून झालेला, आणि ‘सत्य’शी त्याचं नातंही आहे. आधी अर्थ होता खरं ठरवणं, मग एखाद्याच्या हो ला हो म्हणणं, मग त्याची समजूत काढणं, आणि मग शांतवणं. सांत्वनाचा शब्द सत्यापासून इतका लांब चालत आला, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

शिक्षेला मिटिगेट म्हणायचं की कम्यूट, हा तुमचा शेवटचा प्रश्न. शिक्षा ठरण्याआधी न्यायालयापुढे मांडली जाते ती मिटिगेटिंग परिस्थिती: आरोपीचं वय, त्याचा पश्चात्ताप, त्याच्यावर आलेला दबाव. शिक्षा सुनावून झाल्यावर ती बदलून सौम्य प्रकारची दिली, तर ते कम्यूट. फाशीची जन्मठेप झाली तर तिथे मिटिगेट लिहू नका.